सुकं वजन

"काकू, यांच्या दोन्ही किडन्या जवळजवळ थांबल्यात," डॉक्टर म्हणाले. त्यावर मी विचारलं, "मग गोळ्या किती दिवस घ्यायच्या?"

चौतीस वर्षं मुलांना शिकवलेल्या बाईचा हा प्रश्न. डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी रक्ताचा रिपोर्ट माझ्याकडे वळवला आणि एका आकड्याखाली पेनाने रेघ मारली. क्रिएटिनिन, नऊच्या वर. क्रिएटिनिन म्हणजे अंगातल्या स्नायूंच्या रोजच्या कामातून रक्तात उतरणारा कचरा. चांगली किडनी तो लघवीवाटे बाहेर टाकते. धडधाकट माणसात हा आकडा एकच्या आसपास असतो.

माझ्या शेजारी स्टुलावर माझे यजमान बसले होते, टोपी मांडीवर ठेवून. गावात सगळे त्यांना आप्पा म्हणतात. मीही इथे आप्पाच लिहिते, नाहीतर 'हे' आणि 'यांनी' लिहून वाचणाऱ्याचा गोंधळ उडायचा. आप्पा तेव्हा एकाहत्तर वर्षांचे, मी सहासष्टची. आमच्या कापडे गावात त्यांची भातशेती, आणि मी पोलादपूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतून फिरून निवृत्त झालेली शिक्षिका. मुलगा पनवेलला नोकरीला. घरात आम्ही दोघंच.

"म्हंजे आता काय ऱ्हायलं नाय?" आप्पांनी विचारलं.

"तसं नाही आजोबा. मशीन आहे ना. डायलिसिस सुरू करू."

डायलिसिस म्हणजे किडनीचं काम यंत्राने करणं. रक्त नळीतून बाहेर काढायचं, गाळायचं, साठलेलं पाणी काढायचं आणि रक्त परत अंगात सोडायचं. एका वेळी चार तास. आठवड्यातून तीनदा. "किती दिवस?" या माझ्या दुसऱ्या प्रश्नाला डॉक्टरांनी उत्तर दिलं, "कायम." महाडच्या त्या खाजगी हॉस्पिटलातून बाहेर पडलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. आम्ही स्टँडसमोर चहा घेतला, आणि आप्पांनी अर्धा टाकला.

ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. आजाराची माहिती डॉक्टर देतात, मोबाइलवरही मिळते. पण या आजारात माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती कुठल्याही पत्रकात लिहिलेली नाही. ती तुमच्याकडून होऊ नये.

खरं तर सुरुवातीपासूनच मी चुकत होते. वर्षभर आधीपासून आप्पांचे पाय संध्याकाळी सुजायचे. अंगाला खाज यायची. तोंडाला चव नव्हती. शेताच्या वाटेवर मध्येच बांधावर बसायचे आणि "वाईच दम खातो" म्हणायचे. मी म्हणायचे, वय झालं. शेजारी म्हणायचे, वय झालं. मुलगा फोनवर म्हणायचा, "आई, आता त्यांचं वय झालं, शेतात जातातच कशाला?" गावाजवळच्या डॉक्टरांनीही पाय दाबून बघितले आणि वयोमानाप्रमाणे होतं असं सांगितलं. वय हे असं उत्तर आहे की कुठल्याही प्रश्नाखाली लिहावं आणि पूर्ण मार्क मिळवावेत. गुडघे दुखतात म्हणून आप्पा कित्येक वर्षं मेडिकलमधून गोळ्या आणून खात होते, ते मात्र कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. त्या गोळ्यांनी किडनी खराब होते हे मला महाडला पहिल्यांदा कळलं.

डायलिसिससाठी सुरुवातीला मानेत नळी घातली. मग डाव्या हाताचं छोटं ऑपरेशन झालं. त्याला फिस्टुला म्हणतात. हातातली शीर आणि धमनी एकमेकींना जोडतात, म्हणजे शीर फुगून जाड होते आणि तिच्यात डायलिसिसच्या मोठ्या सुया टोचता येतात. त्या जागी बोट ठेवलं की आत भुंगा अडकल्यासारखी घरघर लागते. ती घरघर चालू आहे ना, हे रोज बघायचं. बंद पडली तर लगेच हॉस्पिटल गाठायचं.

किडनी बदलण्याचंही बोलणं झालं. मी म्हटलं, माझी घ्या. डॉक्टर म्हणाले, "काकू, तुम्हाला शुगर आहे. आणि वय..." पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. घरी येताना मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मुलगा स्वतःहून तयार झाला, तर आप्पांनी त्याला फोनवरच गप्प केलं. "माज्या अंगात पोराचं काय घालायचं नाय. माजं जेवून-खाऊन झालंय." त्यानंतर तो विषय आमच्या घरात निघाला नाही.

मंगळवार, गुरुवार, शनिवार. साडेचारला उठायचं, चूल-पाणी आवरायचं, रिक्षाने पोलादपूर आणि तिथून एसटीने महाड. सातला मशीनवर घेतात. त्या चार तासांत मी बाहेरच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर. समोर आवाज बंद केलेला टीव्ही. कोणी वरंधहून आलेलं, कोणी कशेडीच्या पायथ्याच्या गावातून. आत झोपलेले बहुतेक पुरुष, बाहेर बसलेल्या बहुतेक बायका, आणि आम्ही सगळ्या साधारण एकाच वयाच्या. पहिल्या महिन्यात आम्ही एकमेकींशी बोलायचो. नंतर नुसत्या हसायचो, आणि मग तेही बंद झालं. प्रत्येकीला खुर्चीत बसून झोपायची आपली एक पद्धत सापडली होती. मी पर्स मांडीवर घेऊन त्यावर हाताची घडी घालते.

आता चुकीकडे येते.

डायलिसिसवाल्यांच्या जगात एक शब्द फार महत्त्वाचा आहे, ड्राय वेट. सुकं वजन. अंगात साठलेलं जादा पाणी काढल्यावर माणसाचं जे खरं वजन उरतं ते. आप्पांचं बावन्न किलो ठरलं होतं. किडनी बंद असली की लघवी नावाला होते, त्यामुळे प्यालेलं पाणी अंगातच राहतं. म्हणून मशीनवर घेण्याआधी काट्यावर उभं करतात. बावन्नच्या वर जे येईल ते पाणी. दीड-दोन किलोपर्यंत ठीक. त्याहून जास्त झालं तर ते पाणी फुप्फुसात जातं, हृदयावर ताण येतो, माणूस गुदमरतो.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, "दिवसाला एक लिटर. पाणी, चहा, सगळं धरून." मी सकाळी एक लिटरची बाटली भरून ठेवायची. चहाचा कप केला की तेवढं पाणी बाटलीतून काढून टाकायचं. गोळ्यांचं पाणी त्यातूनच. बाटली संपली की संपली. आप्पा कुरकुर करायचे, पण ऐकायचे. शाळा तपासणीच्या वेळी माझ्या वर्गात कधी कोणाला खोट सापडली नव्हती. इथेही सापडणार नाही अशी मला खात्री होती.

तरी काट्यावर छप्पन्न आले. पुढच्या वेळी साडेपंचावन्न. मग पुन्हा छप्पन्न.

"काकू, यांना पाणी कोण देतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"कोणीच नाही. मी मोजून देते."

"मग हे चार किलो कुठून येतात?"

मला ते फार लागलं. आणि मी दिलं नाही म्हणजे ते चोरून पितात, इतकं साधं गणित मी मांडलं. घरी गेल्यावर आप्पांना समोर बसवलं आणि मुलांना विचारायचे तसं विचारलं. "खरं सांगा. रागावणार नाही."

"नाय गो. मी नाय प्यालो."

"मग वजन काय हवेतून आलं?"

दुसऱ्या दिवशी मी माठ रिकामा करून पालथा घातला. तांब्या-भांडी वरच्या फळीवर गेली. ते आंघोळ करायचे तेव्हा मी न्हाणीच्या दाराशी उभी राहायची. सगळ्यात वाईट म्हणजे मी आजूबाजूच्या चार घरी जाऊन सांगून आले, "आप्पा आले तर पाणी देऊ नका, मागितलं तरी देऊ नका." आमच्याकडे दारी आलेल्याला आधी पाणी विचारतात, मग कसं काय ते. आता आप्पा कोणाच्या ओटीवर जाऊन बसले की घरातल्या बायका अवघडून आत जायच्या. दोन-तीनदा असं झालं आणि आप्पांनी कोणाकडे जाणं सोडलं. गुपचूप अंगणातल्या बाकावर बसून राहायचे.

वजन काही कमी झालं नाही. मी रोज विचारत राहिले. आधी ते "नाय" म्हणायचे. मग नुसती मान हलवायचे, आणि शेवटी तीही हलवेनात. मला वाटलं, कबुली आहे. वर्गातली मुलंही पकडली गेली की अशीच गप्प होतात.

म्हाताऱ्या माणसावर विश्वास न ठेवणं किती सोपं असतं, हे मी आता शांतपणे लिहू शकते. तेव्हा मला तो अविश्वास वाटतच नव्हता. काळजी वाटत होती. लोकही माझ्याच बाजूने बोलायचे. म्हातारपणी माणूस लहान होतं, हट्टी होतं, चोरून खातं. मीही म्हातारीच आहे, हे त्या महिन्यांत माझ्या डोक्यातून गेलंच होतं.

एका सोमवारी पहाटे उजाडता उजाडता आप्पांना आडवं होता येईना. भिंतीला टेकून बसले, ओठ निळसर, श्वासाबरोबर छातीत बुडबुडे. शनिवार ते मंगळवार हे अंतर सगळ्यात मोठं, त्यात हे व्हायची भीती सगळ्यात जास्त, असं आम्हाला सांगून ठेवलेलं होतं. शेजाऱ्यांनी फोन केला, पोलादपूरहून अँब्युलन्स आली. मी त्यांच्या पायाशी बसले. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावलेला माणूस, आणि मी त्याला काय म्हटलं असेल? "सांगितलं होतं ना तुम्हाला."

त्यांनी मास्क थोडा बाजूला केला. "प्यालो आसंन गो," म्हणाले.

'प्यालो' असं नाही, 'प्यालो आसंन', म्हणजे प्यायलो असेन. मराठी शिकवणारी बाई मी. त्या शब्दाने मी थांबायला हवं होतं, पण मास्क पुन्हा नीट बसवण्याच्या गडबडीत मी तो सोडून दिला.

हॉस्पिटलात पोचताच डायलिसिस झालं. फुप्फुसात पाणी भरलं होतं. डॉक्टर म्हणाले, "अजून तासभर उशीर झाला असता तर अवघड होतं." तीन दिवस वॉर्डात ठेवायचं ठरलं. वॉर्डात पलंगाला एक तक्ता लावतात. पोटात काय आणि किती गेलं, बाहेर किती आलं, सगळं मिलिलिटरमध्ये मोजून लिहायचं.

दुसऱ्या दिवशी आप्पा जरा सावरले. मी सकाळी घरी जाऊन आंघोळ केली, पेज रांधली आणि थर्मासमध्ये भरून दुपारच्या आत परत आले. पेज म्हणजे मूठभर तांदूळ भरपूर पाण्यात शिजवून केलेलं पातळ. चिमूट मीठ, बाजूला मिठातल्या कैरीची फोड. माझ्या आईने आजाऱ्याला पेज दिली, सासूने दिली, मीही दिली. ज्याला जेवण जात नाही त्याला पेज. आप्पांना तर महिनोन्महिने जेवण जात नव्हतं.

पलंगाशी वैशाली सिस्टर होती. ही वरंधकडची मुलगी, डायलिसिसलाही तीच असते. म्हणाली, "थांबा बाई, मोजून देते." तिने थर्मास उघडला आणि पेज मापाच्या प्लास्टिकच्या जगमध्ये ओतली. ओतत राहिली. साडेसहाशेच्या रेघेला थर्मास संपला.

ती त्या रेघेकडे बघत राहिली. मीही बघत होते.

"बाई, ही घरी दिवसातून किती वेळा देता?"

"तीनदा," मी म्हटलं. "कधी चारदा."

त्यापुढचं गणित चौथीतल्या मुलाचं होतं. ते करायला मला वेळ लागला नाही.

मी एक लिटरची बाटली डोळ्यांत तेल घालून सांभाळत होते, आणि जवळजवळ दोन लिटर पाणी पेजेतून माझ्या हाताने पाजत होते. दोन घास तरी पोटात जाऊ देत म्हणून वाटी पुढे करत होते. "संपवा, टाकू नका" म्हणत होते. वर मीठ आणि कैरी, म्हणजे तहान आणखी वाढलेली. आणि ते तहानेने ओठ चाटत बसले की पुन्हा मीच त्यांच्यावर पहारा ठेवत होते.

"बाई, मलाही नसतं सुचलं," वैशाली हळूच म्हणाली. "पेज कोण पाण्यात धरतं? आमच्या घरी पण ती जेवणातच."

डॉक्टर आले. ते लातूरकडचे. आहार काय, असं त्यांनी प्रत्येक वेळी विचारलं होतं, आणि मी प्रत्येक वेळी सांगितलं होतं, "जेवण कुठलं, नुसती पेज घेतात." त्यावर ते "चालेल, हलकंच द्या" म्हणायचे. आता त्यांनी जग उचलून तिरका केला. "ही पेज? मला वाटलं गुरगुट्या भात." मग म्हणाले, "चूक माझीही आहे काकू. मी विचारायला हवं होतं." डॉक्टर असं बोलल्याचं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, आणि त्या माणसाबद्दल माझ्या मनात जे काही साठलं होतं ते तिथेच गेलं.

आप्पा जागे होते, पण त्यांना नीट कळलं नव्हतं. सगळे गेल्यावर मी पलंगाच्या कडेला बसले आणि सांगितलं. पेजेचं पाणी. मी मोजलंच नाही. तुम्ही चोरून कधीच प्यायला नव्हता.

त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"म्हंजे मी नाय प्यालो?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी डोळे मिटले. "मंग बरा हाय मी," म्हणाले. "मला वाटलं, माजं डोकं गेलं."

मला कळेना. मग त्यांनी तुकड्या-तुकड्याने सांगितलं. मी इतक्या खात्रीने विचारत होते की त्यांचीच खात्री गेली होती. त्यांना वाटायला लागलं, आपण झोपेत उठून पाणी पितो आणि सकाळी विसरतो. म्हातारपणात असं होत असेल. त्यांच्या थोरल्या चुलत्याचं शेवटी तसंच झालं होतं, घरच्यांना ओळखेनासे झाले होते. म्हणून आप्पा झोपायच्या आधी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर तांदळाचं पीठ भुरभुरायचे. रात्री आपण आत गेलो तर सकाळी पाय उमटलेले दिसतील.

"मग दिसले का?" मी विचारलं.

"काय दिसणार? तू माज्या आदी उठतेस, नि झाडून काढतेस."

खरंच काढत होते. उंबऱ्यात पीठ सांडलेलं बघून रोज सकाळी स्वतःवरच चिडायची, की आता हातातून डबाही नीट धरवत नाही. कुंचा फिरवायची आणि कामाला लागायची. पुराव्याची जागा रोज मीच साफ करत होते. मी वॉर्डाच्या बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले. चौतीस वर्षांत किती मुलांना असं "खरं सांगा" म्हणून गप्प केलं असेल, तेही मनात आलं. त्यांची माफी मागायला आता कुठे जाणार?

डिस्चार्ज मिळाल्यावर मी पुन्हा त्या चार घरी गेले. "आप्पांनी पाणी प्यायलं नव्हतं, माझीच चूक होती," असं प्रत्येक दारात उभं राहून सांगितलं. पहिल्या घरी जीभ अडखळली. चौथ्या घरी सोपं झालं. आप्पा पुन्हा ओट्यांवर जाऊन बसायला लागले. कोणी पाणी विचारलं तर म्हणतात, "दोन घोट. बाईंच्या मापातलं." आणि घरी येऊन मला सांगतात, अमक्याकडे दोन घोट प्यालो. मी बाटलीतून तेवढं काढते.

तुमच्यासाठी एवढंच. भांड्यातून ओतता येतं ते सगळं पाणी. पेज, आमटी, कुळथाची पिठी, सोलकढी, ताक, कलिंगडाची फोडसुद्धा. तुमच्या भागात आजाऱ्याला जे देतात ते डॉक्टरांना नुसतं नावाने सांगू नका, वाटीत घालून दाखवा. आम्ही आता घट्ट भात देतो, भाकरी आणि सुकी भाजी, अंड्याचा पांढरा भाग. तहान लागली की लिंबाची बारीक फोड जिभेवर. आणि आपलं माणूस "नाही" म्हणालं, तर आधी बाकी सगळं तपासा, त्याला शेवटी.

आम्ही बरे झालो असं म्हणता येत नाही. या आजारात बरं होणं नाही, दिवस ढकलणं आहे. माझे गुडघे आता एसटीची पायरी चढताना बोलतात. काही सकाळी साडेचारला डोळे उघडले की वाटतं, आज नको. मग आप्पाच आधी उठून बसलेले असतात आणि "जाऊया" म्हणतात. मी आधी गेले तर यांना महाडला कोण नेणार, हेही आम्ही उघड बोलतो. उत्तर सापडत नाही, मग भाजी निवडायला घेतो. म्हातारपण म्हणजे शहाणपण असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटतं, म्हातारपण म्हणजे बहुतेक दमणूकच, आणि दमलेल्या माणसाला सोपं उत्तर फार आवडतं. तेवढं सांभाळायचं.

यंदा गणपती झाल्यावर पुन्हा वजन वाढायला लागलं. आप्पा त्रेपन्नवर यायचे ते आता साडेचौपन्न, पंचावन्न. मशीन तेवढं पाणी काढायला लागलं की शेवटच्या तासाला पोटऱ्यांत गोळे यायचे, बीपी घसरायचं. एका शनिवारी वैशालीने मला आत बोलावलं. "बाई, वजन जास्त येतंय..." एवढंच म्हणून ती डॉक्टरांना बोलवायला गेली.

डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, पाणी वाढलंय का?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. तोच चेहरा, अँब्युलन्समधला. ओठ हलायला लागले होते. "प्यालो आ..."

"नाही," मी म्हटलं. माझा आवाज वर्गातल्यासारखा मोठा निघाला. "यांनी प्यायलेलं नाही. वजन कशाने वाढलं ते मला माहीत नाही. पण हे प्यायले असते तर मला सांगितलं असतं. तुम्ही दुसरं काहीतरी बघा."

खरंच मला माहीत नव्हतं. पेज केव्हाच बंद झाली होती. मी मनातल्या मनात घरातली सगळी भांडी तपासत होते.

डॉक्टरांनी नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला नाही. छाती ऐकली, साफ होती. दंड चिमटीत धरून बघितला. "हल्ली जेवण कसं आहे?"

"दोन भाकऱ्या जातात," मी सांगितलं. "अंडी रोज."

डॉक्टर हसले. "काकू, हे पाणी नाहीच. आजोबांच्या अंगाला लागलंय. आम्ही मात्र अजून बावन्न धरून पाणी ओढतोय, म्हणून गोळे येतात." त्यांनी आप्पांच्या फाइलवरच्या बावन्नवर काट मारली आणि शेजारी साडेत्रेपन्न लिहिलं.

परतीच्या एसटीत आप्पा खिडकीशी बसले. उजव्या हाताने डाव्या दंडाची चिमटी घेऊन बघत होते. "दीड किलो," म्हणाले. "ह्या वयात वाढलो गो."

"वाढा खुशाल," मी म्हटलं. "उतरताना धरायचं मलाच आहे."

ते हसले. महाड मागे पडलं. एरवी एसटीत मी डोळा लागू देत नाही. त्यांचा तोल जाईल, स्टँड निघून जाईल, पिशवी राहील, अशी सगळी राखण माझ्याकडे असते. त्या दिवशी मी पिशवी त्यांच्या मांडीवर दिली आणि मान टेकली. इतकी गाढ झोप मला कित्येक महिन्यांत लागली नव्हती. खांद्याला हात लागला तेव्हा गाडी थांबली होती.

"उठ गो," ते म्हणत होते, "पोलादपूर आलं."